जबड्याच्या गाठीचे व्हिडिओ बघताय? आधी रिपोर्टवरचं नाव वाचा

माझं तालुक्याच्या गावात दातांचं क्लिनिक आहे आणि हल्ली पेशंट खुर्चीत बसायच्या आधीच मोबाईल पुढे करतात, मॅडम हे बघा, मला हेच झालंय ना. व्हिडिओत कुणाच्या तरी जबड्यातून भलीमोठी गाठ काढत असतात आणि समोरच्याला निघते किडलेल्या दाढेची सूज. उलटंही होतं, म्हणजे कुणीतरी व्हिडिओत ऐकलेलं असतं की दुखत नाही ना मग काळजी नको, त्यावर लवंगेचं तेल आणि गरम पाण्याच्या गुळण्यांवर कितीतरी महिने काढतात, आणि मग ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला की खालच्या जबड्याचं मागचं हाड आतून पोखरलेलं दिसतं. व्हिडिओ बघू नका असं मी सांगत नाही, सांगून कुणी ऐकत पण नाही. पण कुठला खरा धरायचा आणि कुठला सोडायचा हे कळायला थोडी पद्धत लागते, तीच इथे लिहिते. मी स्वतः अशी ऑपरेशनं करत नाही, गाठ दिसली की पुढे पाठवते, पण पाठवायच्या आधी आणि पेशंट परत आल्यावर हेच प्रश्न मला रोज असतात.

आधी नाव, मग सर्च

"जबड्याची गाठ" असं टाकून सर्च केलं की जे येतं ते बघून काहीच उपयोग नाही, कारण हा एक आजार नाहीच. मेलेल्या दातामुळे मुळाशी झालेली सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी असते, न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती झालेली डेन्टिजेरस सिस्ट असते, ओकेसी म्हणजे ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट असते, ओडोन्टोमा असतो जो बहुतेक वेळा निरुपद्रवी, फायब्रस डिस्प्लेसिया असतो, जायंट सेलची गाठ असते, तशीच दिसणारी ब्राउन ट्यूमर असते जिचं मूळ जबड्यात नसून मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीत असतं आणि ती रक्ताच्या तपासणीत सापडते. आणि मग अमेलोब्लास्टोमा, दात बनवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ, जिच्यावर सगळ्यात जास्त व्हिडिओ सापडतात. आणि या सगळ्यांच्या पलीकडे कॅन्सर, जो आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे बहुतेक वेळा गालात नाहीतर हिरडीवर सुरू होतो आणि मग हाडात शिरतो, म्हणजे त्याची गोष्टच वेगळी.

एक्स-रेवर यातल्या बऱ्याच गाठी एकमेकींसारख्या दिसतात. अमेलोब्लास्टोमाचं वर्णन पुस्तकात साबणाच्या फेसासारखं असं असतं, पण ओकेसी पण तशी दिसू शकते आणि जायंट सेलची गाठ पण. म्हणून कुणी व्हिडिओत एक्स-रे दाखवून "असं दिसलं की समजायचं हेच" म्हणत असेल तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. नक्की नाव बायोप्सीनंतरच कळतं, तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो, ते स्लाइड बघून लिहितात.

मग करायचं काय, तर रिपोर्ट हातात येईपर्यंत सर्चच करू नका. कठीण आहे, माहितीये. आला की फक्त पहिला शब्द बघून थांबू नका, पूर्ण ओळ वाचा, अमेलोब्लास्टोमा लिहिलं असेल तर पुढे युनिसिस्टिक (एकाच पोकळीची) आहे का कन्व्हेन्शनल (नेहमीची) आहे ते बघा, आणि युनिसिस्टिक असेल तर त्यात म्युरल असा शब्द आहे का ते पण. फरक मोठा आहे. युनिसिस्टिक जास्त करून तरुण पोरांना होते, ट्रीटमेंट पुष्कळदा लहान असते, पण म्युरल म्हणजे सिस्टच्या भिंतीत आत शिरलेली असेल तर ती कन्व्हेन्शनलसारखी वागू शकते. दोघांचं नाव अमेलोब्लास्टोमाच, पण एकाचा व्हिडिओ बघून दुसऱ्याने आपलं ऑपरेशन ठरवायचं नसतं. जे पूर्ण नाव रिपोर्टवर आहे तेच इंग्लिशमध्ये जसंच्या तसं टाइप करा, स्पेलिंग रिपोर्टवरून उतरवून घ्या, मराठीत टाकलं तर अगदी मोजकं सापडतं आणि त्यात घरगुती उपायवाले आधी वर येतात.

बोलतंय कोण

नुसतं "डॉक्टर" पुरत नाही. या गाठी बघणारे लोक म्हणजे ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन, एमडीएस म्हणजे दातांची पुढची डिग्री केलेले, किंवा हेड अँड नेक सर्जन, आणि स्लाइडबद्दल बोलायचं तर ओरल पॅथॉलॉजिस्ट. माझ्यासारखी जनरल डेन्टिस्ट लक्षणं सांगू शकते, जबडा किती कापायचा हे मी सांगत असेन तर मला पण ऐकू नका. व्हिडिओखाली डिस्क्रिप्शन उघडा, पूर्ण नाव, डिग्री, कुठल्या हॉस्पिटलमध्ये काम करतात हे लिहिलंय का बघा. नाव असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल किंवा दातांच्या डॉक्टरांसाठी स्टेट डेन्टल कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन आहे का ते तपासता येतं, बाहेरच्या राज्यातले असतील तर त्या राज्याच्या कौन्सिलकडे. पाच मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही.

काही व्हिडिओंखाली यूट्यूब स्वतः एक पट्टी दाखवतं की हे हॉस्पिटलचं चॅनल आहे किंवा बोलणारा रजिस्टर्ड डॉक्टर आहे. चांगली सोय आहे, पण ती चॅनल कुणाचं एवढंच सांगते, त्या व्हिडिओतलं वाक्य न वाक्य कुणी तपासलंय असा तिचा अर्थ नाही. आणि व्ह्यूजवर तर अजिबात जाऊ नका, लाखो व्ह्यूज चेहरा बघून नाहीतर ऑपरेशनचं रक्त बघून येतात. डिसलाइकचा आकडा तर यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून लपवूनच टाकलाय, म्हणजे आधी निदान लोक वैतागलेत का हे कळायचं ते पण गेलं.

हल्ली अजून एक डोकेदुखी, नावाजलेल्या डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज एआयने बनवून त्यांच्या तोंडी कुठलंतरी चूर्ण घालतात. ओठ आणि शब्द जुळतायत का बघत बसू नका, आता ते जुळतात. त्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलच्या अधिकृत चॅनलवर तोच व्हिडिओ आहे का एवढं बघा, नसेल तर विषय संपला.

तारीख बघा, खरंच बघा

हे लोक हमखास विसरतात. ओकेसीचंच बघा, २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला ट्यूमरच्या यादीत टाकलं, नाव पण बदललं, आणि २०१७ मध्ये परत सिस्टच्या यादीत आणलं. मधल्या बारा वर्षांतली लेक्चर्स अजून यूट्यूबवर तशीच आहेत, त्यात ती ट्यूमर म्हणून शिकवलेली आहे, आणि घरातलं कुणीतरी ते बघून घाबरतं की आपल्याला सिस्ट सांगितली, ही तर ट्यूमर निघाली, डॉक्टर लपवतायत. कुणी काही लपवत नसतं. अमेलोब्लास्टोमाच्या बाबतीत पण २०१७ मध्ये वर्गवारी बदलली, "सॉलिड/मल्टिसिस्टिक" हा शब्द मुख्य नावातून काढला, त्यामुळे जुन्या व्हिडिओतला सॉलिड आणि तुमच्या रिपोर्टमधला कन्व्हेन्शनल हे एकच असू शकतात.

उलट बाजूने, २०१४ मध्ये असं सापडलं की पुष्कळशा अमेलोब्लास्टोमात, खास करून खालच्या जबड्यातल्या, बीआरएएफ नावाच्या जीनमध्ये व्ही६००ई हा ठराविक बदल असतो. मग त्या बदलावर चालणारी डॅब्राफेनिबसारखी गोळी काही पेशंटना दिली गेली आणि गाठी लहान झाल्याचे रिपोर्ट आले. हे खरं आहे. पण यावरून "आता ऑपरेशनची गरज नाही, फक्त गोळी" असे थंबनेल निघाले, आणि हे अर्धसत्य मला पूर्ण खोट्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटतं, कारण त्यामागची जीनची आणि गोळीची माहिती तपासली तर खरी निघते. बदल तुमच्या गाठीत आहे का ते टेस्ट करावं लागतं, गोळी महाग असते, साइड इफेक्ट असतात, आणि अजून तरी नेहमीची ट्रीटमेंट ऑपरेशनच आहे. म्हणजे नवीन व्हिडिओ आपोआप चांगला असतो असंही नाही.

आत काय बोललंय ते ऐकायची पद्धत

पेशंटसाठी लिहिलेल्या माहितीचा दर्जा मोजायला ऑक्सफर्डमध्ये डिस्कर्न नावाची प्रश्नावली बनवली होती, १९९९ ची, सोळा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला एक ते पाच मार्क. ती छापील माहितीसाठी होती पण आता संशोधक व्हिडिओला पण तीच लावतात. तुम्हाला सोळा मोजत बसायची गरज नाही, त्यातले चार मी वापरते. ट्रीटमेंटचे धोके सांगितलेत का. काहीच केलं नाही तर काय होईल ते सांगितलंय का. एकापेक्षा जास्त पर्याय आहेत हे सांगितलंय का. आणि नंतरच्या रोजच्या जगण्यावर काय फरक पडतो हे सांगितलंय का. जबड्याच्या गाठीच्या व्हिडिओत हे चारही प्रश्न फार कामाचे ठरतात, कसं ते बघा.

अमेलोब्लास्टोमा सहसा कॅन्सर नसते, म्हणजे बिनाइन. दहातल्या आठेक खालच्या जबड्यात, हळूहळू वाढते, बहुतेक वेळा दुखत नाही. आता व्हिडिओ इथेच थांबला, "बिनाइन आहे, घाबरू नका" आणि छान म्युझिक, तर तो अर्धवट व्हिडिओ आहे. कारण ती बिनाइन असूनही आजूबाजूच्या हाडात शिरत जाते आणि नुसती खरवडून काढली तर परत येते. कन्व्हेन्शनल प्रकारात नुसतं खरवडल्यावर दहातल्या चार किंवा त्याहून जास्त लोकांत परत आल्याचं अभ्यासांत दिसतं, तेच आजूबाजूचं एक ते दोन सेंटिमीटर चांगलं हाड सोबत घेऊन काढली तर हे प्रमाण दहात एकाच्याही खाली येतं. म्हणून सर्जन जास्त हाड काढायचं म्हणतात, त्यांना हौस नसते. आणि परत येणाऱ्यातल्या निम्म्याहून जास्त पहिल्या पाच वर्षांत येतात पण दहा वर्षांनी आल्याची पण उदाहरणं आहेत, म्हणून एक्स-रे वर्षानुवर्षं काढत राहायचे असतात.

तर माझी सगळ्यात आवडती परीक्षा हीच, व्हिडिओत रिकरन्स म्हणजे गाठ परत येणं आणि फॉलोअपबद्दल एक तरी वाक्य आहे का. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट हसला, आणि व्हिडिओ संपला, तर तो हॉस्पिटलचा जाहिरातपट आहे, भले ऑपरेशन उत्तम झालेलं असो. शोधायला सोपी युक्ती सांगते, कॉम्प्युटरवर यूट्यूब उघडलं की डिस्क्रिप्शनच्या खाली ट्रान्सक्रिप्ट दाखवा असा पर्याय असतो, तो उघडायचा आणि पानावर शोधायचं, रिकरन्स, फॉलोअप, बायोप्सी, मार्जिन (गाठीसोबत काढलेलं आजूबाजूचं चांगलं हाड). अर्ध्या तासाच्या व्हिडिओत हे चारही शब्द एकदाही नाहीत असं निघालं की अर्धा तास वाचला. आपोआप बनलेल्या सबटायटलमध्ये मेडिकल शब्दांचं भजं होतं हे खरं, पण फॉलोअप आणि बायोप्सी नीट उमटतात.

पर्यायांबद्दल पण तसंच. मोठ्या ओकेसीत किंवा युनिसिस्टिक गाठीत काही वेळा आधी छोटं छिद्र ठेवून गाठ आक्रसू देतात आणि मग काढतात, त्याला मार्सुपियलायझेशन किंवा डिकम्प्रेशन म्हणतात, लहान मुलांत तर याचा विचार होतोच. एखादा सर्जन फक्त मोठं ऑपरेशन दाखवतो आणि दुसरा फक्त छोटं, दोघंही आपापल्या पेशंटसाठी बरोबर असू शकतात. चांगल्या व्हिडिओत "कुणासाठी" हे सांगितलेलं असतं.

लगेच बंद करायचे ते

"हत्यार लागलं की गाठ पसरते, बायोप्सी करू नका." हे वाक्य ज्या व्हिडिओत आहे तो पूर्ण बघायची सुद्धा गरज नाही. या एका वाक्याने लोकांचे किती महिने घालवलेत, आणि खरा कॅन्सर असेल तर तेच महिने महागात पडतात.

गाठ विरघळवणारे लेप, काढे, गोमूत्र, हळदीचं काहीतरी. हाडाच्या आत वाढणाऱ्या गाठीवर बाहेरून गालाला लेप लावून आत काय होणार सांगा. कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा म्हणतात त्याला, तरी चालू असतं. कमेंटमध्ये "मला पण होतं, या नंबरवर फोन करा, आठ दिवसांत गेलं" असं एकाच भाषेत दहा जणांनी लिहिलेलं दिसलं तर ते दहा जण एकच माणूस आहे असं समजायला हरकत नाही.

बिफोर-आफ्टर फोटो वेगळा प्रकार. दाताच्या इन्फेक्शनची सूज अँटिबायोटिकने, नाहीतर नुसता पू बाहेर पडला तरी उतरते, मग तोच चेहरा "गाठ गेली" म्हणून दाखवता येतो. बायोप्सीचा रिपोर्ट दाखवलाय का, हा एकच प्रश्न विचारायचा.

आणि "पेड प्रमोशन" असं कोपऱ्यात लिहिलेलं असेल तर ते वाचत जा की राव.

भीती दाखवणारे पण खरे

हे थोडं वेगळं. मर्सी शिप्स नावाची संस्था आहे, त्यांची हॉस्पिटल असलेली जहाजं आफ्रिकेतल्या बंदरांवर जातात आणि तिथे वर्षानुवर्षं ऑपरेशन न मिळालेल्या लोकांच्या प्रचंड मोठ्या गाठी फुकट काढतात. त्यांचे व्हिडिओ खरे आहेत, काम पण मोठं आहे. पण सर्च केल्यावर तेच चेहरे सारखे समोर येतात आणि ज्याला मुंबई-पुण्यात ओपीजीवर बोराएवढी गाठ सापडलीय तो रात्रभर झोपत नाही. ती माणसं तशी दिसतात कारण त्यांना सर्जन मिळायला फार उशीर झाला. तसंच लहान मुलांच्या जबड्याच्या गाठीचे जुने फोटो, ते पुष्कळदा बर्किट लिम्फोमा नावाच्या कॅन्सरचे असतात, डेनिस बर्किट नावाच्या सर्जनने युगांडात १९५८ मध्ये वर्णन केलेला आजार, आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात जास्त दिसणारा. तुमच्या मुलाच्या न उगवलेल्या दाढेभोवतीच्या सिस्टशी त्याचा काही संबंध नाही.

एकदा असा व्हिडिओ पूर्ण बघितला की फीड त्यानेच भरतं. तीन ठिपके दाबून "नॉट इंटरेस्टेड" करा आणि वॉच हिस्टरीतून तो काढून टाका, दोन दिवसांत फरक पडतो. पेशंटच्या मोबाईलवर हे घरच्यांनी करून द्यावं, विशेषतः आजी-आजोबांच्या.

डॉक्टरकडे व्हिडिओ घेऊन जाताना

घेऊन जा, लाजू नका, पण पूर्ण व्हिडिओ लावू नका. ज्या वाक्याने शंका आली तिथली वेळ लिहून घ्या आणि तेवढंच दाखवा, नाहीतर अजून बरं म्हणजे त्याचा प्रश्न करा. "माझी युनिसिस्टिक आहे, मग हाड कापायचं का?" "किती मार्जिन घेणार?" "पायाचं हाड लावणार का प्लेट?" पायाचं म्हणजे फिब्युला, पोटरीतलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून जबड्याच्या जागी जोडतात, ही पद्धत १९८९ पासून जबड्यासाठी वापरात आहे, व्हिडिओत बघून लोकांना वाटतं पाय जाणार, तसं नसतं, माणूस नीट चालतो. "दात परत कधी बसवता येतील, इम्प्लांट होईल का?" आणि "किती वर्षं यावं लागेल?" ज्या सर्जनना या प्रश्नांचा राग येतो त्यांच्याऐवजी दुसऱ्याकडे जायला हरकत नाही असं माझं स्पष्ट मत.

सेकंड ओपिनियन व्हिडिओतून घेऊ नका, माणसाकडून घ्या. मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेन्टल कॉलेज, मुंबई सेंट्रलचं नायर डेन्टल, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी डेन्टल कॉलेजं, गोव्यात बांबोळीचं, या सगळीकडे ओरल सर्जरीचा विभाग आहे, आणि कॅन्सरची शंका असेल तर परळचं टाटा. पैशाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रील बघून ठरवू नका.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर कुठलाही व्हिडिओ शोधायच्या आधी निघा. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणे, सूज आठवड्या-आठवड्याला वाढत जाणे, तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, काही कारण नसताना चांगले दात हलायला लागणे, दाढ काढलेली जागा भरण्याऐवजी तिथून मांस वर येणे, तोंड उघडायला कमी होत जाणे. तंबाखू खाणाऱ्याला तर डबल घाई.

शेवटी, घरच्या ग्रुपवर काय टाकायचं ते. ऑपरेशनचा व्हिडिओ पेशंटला पाठवू नका, त्याचा त्याला काही उपयोग नाही, भूलीखाली तो झोपलेलाच असणार. पाठवायचे असतील तर नंतरचे पाठवा, आणि गंमत म्हणजे यूट्यूबवरचं चांगलं मटेरियल मला इथेच जास्त सापडलंय: फिजिओथेरपिस्टनी दाखवलेले तोंड उघडायचे व्यायाम, स्वतःची तीन बोटं उभी आत जातील इतकं तोंड उघडायला हवं हे माप धरून, मिक्सरमधून काढलेल्या पातळ जेवणाचे प्रकार, नाकातल्या नळीतून फीड कसं द्यायचं ते नर्सने हळूहळू करून दाखवलेलं. तरी हे पण आपल्या सर्जनला विचारून, कारण प्लेट लावलेल्या जबड्याने कधीपासून किती तोंड उघडायचं आणि कधीपासून चावायचं हे त्यांनीच सांगायचं. बाकी डाळीचं पाणी, नाचणीची पेज, ताकातला मऊ भात गाळून, याला कुणाला विचारायला नको.